हत्यारं गाडीला विचारून घ्यावीत

नवी मोटरसायकल घेतली की सीटखाली किंवा बाजूच्या झाकणामागे रेक्झिनची एक छोटी पिशवी मिळते. तिच्यात दोन-तीन पातळ पाने, दोन्हीकडून वापरता येणारा एक स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, क्वचित एखादी पक्कड. बहुतेकांच्या गाडीत ही पिशवी गाडी विकेपर्यंत तशीच पडून राहते. उलट काही जण लांबच्या प्रवासाची तयारी म्हणून शेहेचाळीस नगांचा सॉकेट सेट विकत घेतात. प्लास्टिकच्या पेटीत चकचकीत मांडलेल्या त्या गोट्या पाहून आता काहीही झालं तरी आपण तयार आहोत, असं वाटतं. पण अशा सेटमधली सर्वांत मोठी गोटी साधारण १४ मिलिमीटरची असते, आणि रस्त्यात जो नट खोलायची वेळ हमखास येते तो मागच्या चाकाचा नट त्याहून बराच मोठा असतो. म्हणजे दीड किलोचं ओझं सोबत असूनही पंक्चर झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की हत्यारांची यादी दुकानात किंवा मोबाइलवर करू नये. ती गाडीशेजारी उकिडवं बसून, एकेका नटाला पाना लावून बघत करावी.

हे काम अर्ध्या तासाचं आहे. गाडी मेन स्टँडवर लावायची, वही घ्यायची आणि पुढचं चाक, मागचं चाक, चेन ताणायचे बोल्ट, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, आरसे, बॅटरीची टोकं, सीट, प्लग अशा क्रमाने मापं लिहायची. हिरो, होंडा, बजाज, टीव्हीएस, यामाहा यांच्या गाड्यांवर तीच मापं पुन्हापुन्हा दिसतात: ८, १०, १२, १४, १७, १९. यामागे जपानी वळण आहे. आट्यांचा व्यास ६ मिलिमीटर असलेल्या बोल्टचं डोकं १०चं असतं. ८ मिलिमीटरच्या बोल्टला जपानी पद्धतीत १२चं डोकं येतं, युरोपीय पद्धतीत १३चं. आपल्याकडे मिळणारा १२-१३चा दुतोंडी पाना त्यामुळे दोन्हीकडे चालतो, आणि यादीतला तो पहिला पाना म्हणायला हरकत नाही. चाकणला बनणाऱ्या केटीएमवर मात्र टॉर्क्सच्या सहा पाकळ्यांच्या खोबणीचे बोल्ट भेटतात, त्यात अ‍ॅलन की घुसवली तर खोबणीच खराब होते. जुन्या मद्रास बुलेटवर काही नट इंग्रजी मापाचे असतात. शेजाऱ्याची यादी आपल्या गाडीला चालेलच असं नाही, ते यामुळेच.

फुलीच्या स्क्रूंचीही एक खोच आहे. जपानी घडणीच्या गाड्यांवरचे बरेच स्क्रू फिलिप्स जातीचे दिसतात, पण असतात जपानी मानकाचे. त्यांची फुली किंचित वेगळी कापलेली असते आणि डोक्यावर बहुधा एक बारीक टिंब असतं. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की तो वर उसळतो आणि स्क्रूची फुली गोल करून टाकतो. कार्ब्युरेटरच्या किंवा इंजिनच्या झाकणाचे ‘मेलेले’ स्क्रू आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यातले कित्येक गंजाने मेलेले नसतात, चुकीच्या टोकाने मारलेले असतात. टोक नीट बसणारा एक चांगला ड्रायव्हर शोधून घ्यावा, तेवढा एक पुरतो.

आता मागच्या चाकाकडे येऊ, कारण रस्त्यावरच्या दुरुस्तीतला सगळ्यात अवघड प्रसंग तिथलाच. मागच्या एक्सलचा नट साधारण ६० ते ९० न्यूटन-मीटर इतक्या ताकदीने आवळलेला असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. समजा तो ८० आहे. २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला तो खोलायला सुमारे ४० किलोचा दाब द्यावा लागेल. कसलेल्या माणसाला तो देता येतो. पण १० सेंटिमीटरच्या आखूड पान्यावर तोच दाब ८० किलो होतो, म्हणजे पान्यावर उभंच राहावं लागतं. म्हणून एक्सलचा पाना घेताना त्याची लांबी बघावी. लांब पाना जागा खातो हे खरं, त्यावर उपाय म्हणजे आखूड रिंग पाना आणि त्याच्या दांडीवर चढणारा हातभर पाइपचा तुकडा. हा पाइप सीटखाली किंवा कॅरियरला बांधून सहज जातो.

अडचण एवढ्यावर संपत नाही. बऱ्याच गॅरेजमध्ये हा नट हवेच्या बंदुकीने आवळतात. ती किती आवळते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. असा नट घाटात, भर पावसात, हाताने खोलायची वेळ आली तर चांगला पानाही हरतो. त्यामुळे लांबच्या प्रवासाआधी सर्व्हिसिंग करून आणल्यावर हा नट एकदा स्वतः सैल करावा आणि पुस्तिकेतल्या मापाने पुन्हा आवळावा. टॉर्क पाना घरात नसेल तर गॅरेजवाल्याला आपल्यासमोर हाताने आवळायला सांगावं. चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

पान्याचं तोंड कसं असावं हेही इथंच ठरतं. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू पकडतो, रिंग पाना सगळे कोपरे. घट्ट नटाला फिक्स पाना लावला की तोंड किंचित फाकतं, पाना घसरतो, कोपरे गोल होतात आणि बोटांची सालं निघतात ती वेगळीच. म्हणून नट फोडायला, म्हणजे पहिल्यांदा हलवायला, रिंग, आणि पुढे भराभर फिरवायला फिक्स. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला फिक्स असलेले कॉम्बिनेशन पाने प्रवासाला सर्वांत सोयीचे, ते याचसाठी. फिक्स पान्याचं तोंड दांडीशी १५ अंशांनी तिरकं असतं, यातही मोठी अक्कल आहे. अडचणीच्या जागी पाना पूर्ण फिरत नसला तर तो उलटा करून लावायचा. मग दर वेळी ३० अंशांच्या हालचालीतही नट पुढे सरकत राहतो. स्क्रू फिरवून तोंड लहान-मोठं होणारा पाना पुष्कळ जण ‘सगळ्याला चालतो’ म्हणून नेतात. मी तो दुसऱ्या बाजूचा नट धरून ठेवायला ठीक मानतो. घट्ट नट खोलायला तो वापरू नये.

पंक्चरचं साहित्य चाकावर अवलंबून आहे. टायर ट्यूबलेस असेल तर चाक काढावंच लागत नाही. खिळा सापडला तरी साहित्य हाताशी येईपर्यंत तो उपसू नये, आहे तेवढी हवा तोच धरून असतो. मग खिळा काढून भोक रीमरने साफ करायचं, सुईत स्ट्रिप ओवून सोल्युशन लावून आत ढकलायची आणि सुई झटक्यात ओढून घ्यायची. वर उरलेली शेपटी कापायची. ही क्रिया सोपी आहे, पण रीमर पहिल्यांदा आत घालताना लागणारा जोर पाहून नवखा माणूस दचकतो. स्वस्त संचातल्या प्लास्टिकच्या मुठी इथंच तुटतात. धातूची टी-आकाराची मूठ असलेला संच घ्यावा. टायरची बाजूची भिंत फाटली असेल तर स्ट्रिपचा भरवसा धरू नये. तिथे टेम्पो बोलावणं हीच दुरुस्ती.

स्पोकच्या चाकांत बहुधा ट्यूब असते आणि मग मामला मोठा होतो. दोन चांगले टायर लिव्हर, एक नवी ट्यूब, एक्सलचा पाना, पंप एवढं तरी हवं. रस्त्यात पॅच लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदलावी आणि फाटकी ट्यूब पुढच्या गावात पंक्चरवाल्याकडे द्यावी. टायरची कड रिमवरून सुटत नसेल तर दुसऱ्या मोटरसायकलचा साइड स्टँड त्या कडेवर टेकवून गाडी हळूच कलती करायची, गाडीच्या वजनाने कड सुटते. टायर बसवताना शेवटचा भाग चढत नसला की लोक लिव्हरवर जोर वाढवतात आणि नव्या ट्यूबला चिमटा बसतो. इथे ताकदीचं काम नाही. समोरच्या बाजूची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवली की इकडे तेवढी ढील मिळते आणि टायर हातानेही चढतो.

हवा भरायला काय न्यावं, याबद्दल हल्ली कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांची फार तारीफ ऐकू येते. हिशेब करून पाहावा. १६ ग्रॅमच्या एका नळकांडीतून साधारण साडेआठ-नऊ लिटर वायू बाहेर येतो. मागच्या टायरची पोकळी बारा-पंधरा लिटरची धरली तर एका नळकांडीने दाब जेमतेम दहा पीएसआयच्या आसपास जाईल. हवे असतात ३० च्या जवळपास. म्हणजे एका पंक्चरला तीन नळकांड्या, आणि पंक्चर नीट बसलं नसेल तर सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप किंवा सायकलचा हातपंप जास्त विश्वासाचा. हातपंपाने घाम निघतो, पण पंप संपत नाही.

केबलचं थोडक्यात सांगतो. क्लच वायर बहुतेक वेळा लिव्हरजवळच्या गुंडीपाशी तुटते. लांब जाणारे जाणते लोक नवी वायर चालू वायरच्या सोबतीने आधीच ओवून, दोन्ही टोकं टेप लावून ठेवतात. तुटली की टाकी न काढता फक्त टोकं बदलायची. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण सुटा भाग बॅगेत जागाही खात नाही. लिव्हरचा क्लॅम्प हँडलवर किंचित सैल ठेवला तर गाडी पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो, हेही त्याच शाळेतलं शहाणपण. चेन लॉकचा एक तुकडा मात्र आपल्या चेनच्या मापाचा हवाच. त्याची क्लिप बसवताना बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवायचं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकली कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्याबरोबर हत्यारांची पिशवीही बदलायला हवी होती, पण पुष्कळांची अजून जुनीच आहे. कार्ब्युरेटरच्या काळात जेट साफ करणं, प्लग घासणं ही रस्त्यावरची नित्याची कामं होती. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पार उतरली तर ढकलूनही गाडी सुरू होईल याची खात्री नाही. म्हणून आता बॅटरीच्या टोकांचा पाना किंवा ड्रायव्हर, सुटे फ्यूज, थोडी वायर आणि इन्सुलेशन टेप यांना मान आला आहे. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० अँपियर लाल, १५ निळा, २० पिवळा. आपल्या गाडीत कोणते आहेत ते बघून दोन-दोन ठेवावेत. जळलेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी गुंडाळू नये, सगळं वायरिंग जळतं.

बाकीच्या वस्तूंत मी लॉकिंग पकडीला, म्हणजे व्हाइस ग्रिपला, फार वरचा क्रमांक देतो. गोल झालेला नट ती पकडते, मोडलेल्या गिअर लिव्हरच्या बुडख्याला लावली तर तीच लिव्हर होते आणि गावापर्यंत पोचवते. तिच्या जोडीला बाइंडिंग तार, केबल टाय आणि एम-सीलची पुडी. दगड लागून इंजिनच्या झाकणाला बारीक तडा गेला आणि ऑइल झिरपू लागलं, तर जागा पेट्रोलने पुसून कोरडी करून लावलेलं एम-सील बरीच वाट काढून देतं.

हत्यारं सुटी आणि चांगली घ्यावीत. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम असं कोरलेलं असतं, ते पोलाद कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही राखतं. यासाठी परदेशी नावांच्या मागे लागायची गरज नाही. टापारियाचा कारखाना आपल्या नाशिकला सातपूरमध्ये आहे आणि त्यांचे पाने-पकडी महाराष्ट्रातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. जालंधर आणि लुधियाना तर हत्यारांसाठी ओळखली जाणारी शहरं. सहा-सात पाने, दोन-तीन अ‍ॅलन की, एक ड्रायव्हर, पक्कड आणि पंक्चरचं साहित्य, एवढ्यात तीन किलोच्या आत काम होतं. हे सगळं कॅनव्हासच्या कप्प्यांच्या गुंडाळीत ठेवावं. सुटी हत्यारं एकमेकांवर आपटून कंप पावत राहतात आणि शेजारच्या ट्यूबला भोक पाडतात. शिवाय गुंडाळी उघडली की रिकामा कप्पा दिसतो, पाना रस्त्यावर विसरला जात नाही.

हा तीन किलोचा ऐवज ठेवायचा कुठे, इथून बॅगांचा विषय सुरू होतो. एक गोष्ट ठामपणे सांगतो: पाठीवरच्या सॅकमध्ये हत्यारं कधीही नेऊ नयेत. गाडीवरून पडल्यावर पाठ आणि रस्ता यांच्यामध्ये १७-१९चा पाना असणं म्हणजे मणक्यालाच धोका. जड वस्तूची जागा खाली आणि दोन चाकांच्या मध्ये. सीटखाली जागा असेल तर उत्तम, नाहीतर क्रॅश गार्डच्या पाऊचमध्ये किंवा साइड बॅगेच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात.

मागच्या कॅरियरवर सगळं लादायची आपल्याकडे सवय आहे. त्याचं गणित साधं आहे. दोन चाकांमधलं अंतर १३५ सेंटिमीटर धरू आणि १० किलोची बॅग मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे ठेवू. मागच्या चाकावर १२ किलोंहून जास्त भार पडतो आणि पुढच्या चाकावरचा सव्वादोन किलो कमी होतो. आकडा लहान वाटेल, पण बॅग २५ किलोची झाली आणि रस्ता वरंध घाटातला चढा असला की पुढचं चाक हलकं पडतं, हँडल अधांतरी वाटतं आणि वळणावर गाडी बाहेर जायला बघते. शिवाय शेपटीला बांधलेलं वजन प्रत्येक खड्ड्यात गाडीला दोन्ही बाजूंना हलवत राहतं. कॅरियरची क्षमता पुस्तिकेत दिलेली असते आणि ती बहुतेकांच्या समजुतीपेक्षा बरीच कमी असते. गाडीची एकूण भारवाहू क्षमताही तिथेच असते. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांची ती १३० किलोच्या आसपास आहे, म्हणजे दोन मोठी माणसं बसली की सामानाला जवळजवळ काही उरतच नाही. जोडीने लांब जाणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

दोन बाजूंना लोंबणाऱ्या सॅडल बॅगा या दृष्टीने चांगल्या. वजन खाली राहतं आणि दोन्हीकडे सारखं वाटता येतं. पण त्यांचे दोन शत्रू आहेत. एका बाजूला सायलेन्सर, दुसऱ्या बाजूला चाक आणि चेन. सायलेन्सरला बॅग टेकली की नायलॉन आधी मऊ होतं, मग वितळतं. दुसऱ्या बाजूला आपल्या गाड्यांना एक भारतीय संरक्षण आहे, ते म्हणजे साडी गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण सक्तीचं केलं आहे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. तोच गार्ड बॅगेलाही स्पोकपासून दूर ठेवतो. गाडी ‘स्मार्ट’ दिसावी म्हणून गार्ड काढून टाकायचा आणि वर सॅडल बॅग लटकवायची, हे धोक्याचं आहे. चाकात गेलेली बॅग मागचं चाक जागीच जाम करते. बॅगेला आधार म्हणून बुलेटवाले वापरतात तो ‘लडाख कॅरियर’ किंवा कुठल्याही फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली पाइपची चौकट लावणं सर्वांत बरं.

कापडाच्या जाडीसाठी डेनियर हे माप वापरतात: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० डेनियरचं पॉलिएस्टर रोजच्या वापराला ठीक, पण घासाघासीला १००० च्या पुढचं नायलॉन टिकतं. पाण्याचा प्रश्न मात्र डेनियरने सुटत नाही. शिवलेल्या बॅगेत पाणी सुईच्या भोकांतून आणि चेनमधून शिरतं. सोबत दिलेलं रेन कव्हर वेगात फडफडतं आणि त्याच्याच तळाशी पाण्याचं डबकं साठतं. कोकणातल्या जुलैत ताम्हिणी उतरायचा असेल तर ताडपत्रीसारख्या जाड कापडाची, न शिवता उष्णतेने जोडलेली, तोंडाला तीन-चार घड्या घालून बंद होणारी रोल टॉप बॅग घ्यावी. ती परवडत नसेल तर साध्या बॅगेत आतून जाड प्लास्टिकची पिशवी लावावी, काम तेच होतं.

टँक बॅग मला कॅमेरा, कागदपत्रं आणि सुट्या पैशांपुरती आवडते. चुंबकाची असेल तर टाकी लोखंडी पत्र्याची आहे ना हे बघावं, आणि चुंबकाला चिकटलेली बारीक वाळू पुसल्याशिवाय ती टाकीवर ठेवू नये. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का, हेही गाडी उभी असतानाच तपासावं. पत्र्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कडक पेट्या कुलूप लागतं म्हणून सोयीच्या, पण त्या स्वतःच जड असतात आणि खराब रस्त्यावर गाडी पडली तर पाय पेटीखाली अडकू शकतो. मातीच्या वाटांवर मऊ बॅगाच बऱ्या.

बांधायला हुकाच्या रबरी दोऱ्या सगळीकडे मिळतात, पण सामान दबलं की त्या सैल होतात, आणि निसटलेला हुक डोळ्यावर येतो. पट्टा आणि बकल वापरावं. पट्ट्याचं उरलेलं टोक गाठ मारून किंवा टेप लावून बंद करावं, कारण लोंबणारं टोक चेनमध्ये जातं. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढावेत, मऊ सामान तोवर खाली बसलेलं असतं.

पुढच्या प्रवासाआधीच्या रविवारी एक काम कराच. गॅरेजला फोन न करता, घरातला दुसरा कुठलाही पाना न घेता, फक्त सोबत नेणार त्याच हत्यारांनी मागचं चाक काढा आणि परत बसवा. मेन स्टँड नसेल तर मागचं चाक उचलायला दगड कुठे लावायचा तेही आत्ताच ठरवा. जो पाना कमी पडला तो सोमवारी विकत आणा. एक्सलचा नट पुन्हा आवळलात ना आणि मागचा ब्रेक लागतोय ना, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.